अष्टकोनी बिल्ल्यामागचा माणूस

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे रात्री गेलात, तर लोखंडाच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड लांबूनच दिसू लागतो. भंगाराने भरलेले ट्रक रांगेने उभे असतात. मोडकी यंत्रे, गंजलेले पत्रे, पाइपांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे, मोटारींचे सुटे झालेले अवयव. भट्टीत गेले की सारे एक होते आणि सळई होऊन बाहेर पडते. सोन्याचा पाळणा म्हणून एकेकाळी मिरवलेले हे गाव आज बियाण्यांइतकेच या सळईसाठी ओळखले जाते. भंगाराच्या व्यवहारात एकच प्रश्न विचारायचा असतो, वजन किती?

या प्रश्नाचे उत्तर एमजी टीसी नावाच्या इंग्रजी मोटारीच्या बाबतीत आठशे किलोच्या आतबाहेर येईल. म्हणजे भंगाराच्या दराने काही हजार रुपये. पण हीच गाडी कोणी चिकाटीने दुरुस्त करून, रंगवून, चामडे नवे चढवून विक्रीला काढली, तर जगाच्या बाजारात तिची किंमत लाखांत सांगितली जाते. दोन माणसांची उघडी गाडी. लांबट नाक, पुढे दुमडून ठेवता येणारी काच, तारांच्या आऱ्यांची १९ इंची उंच चाके आणि नाकाच्या टोकाला अष्टकोनी बिल्ला. मुंबईत जुन्या मोटारींचे मेळावे भरतात, तिथे हा बिल्ला पाहून लहान मुले हमखास ओळख सांगतात. त्यांना तो हेक्टर गाडीवरचा म्हणून ठाऊक असतो! समृद्धी महामार्गावरून जालन्याच्या बगलेने धावणाऱ्या कित्येक गाड्यांवर तो आहेच. २०१९ पासून या नावाच्या मोटारी गुजरातमधल्या हालोलला तयार होतात.

बिल्ला सगळ्यांच्या ओळखीचा झाला. पण ज्या माणसाने त्याला अर्थ मिळवून दिला, त्याचे नाव मोटारवेड्यांच्या पलीकडे फारसे कोणाला माहीत नाही. त्याचे नाव सेसिल किंबर.

मोडका पाय आणि तुटलेले घर

किंबरचा जन्म १२ एप्रिल १८८८ रोजी लंडनचा. वडिलांचा धंदा छपाईच्या शाईचा. पुढे कुटुंब मँचेस्टरच्या बाजूला गेले. शाळा संपल्यावर मुलगा वडिलांच्याच धंद्यात रुजू झाला. घरच्या धंद्यातली गादी तयार होती, ती सांभाळली असती तर आयुष्य सुखाचे गेले असते. पण पोराचे मन मोटारसायकलीत होते.

त्याच मोटारसायकलीवर त्याला अपघात झाला. एका मोटारीची धडक बसली आणि पायाचा चुराडा झाला. इस्पितळात दीर्घ काळ काढावा लागला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. पाय कापायची वेळ आली नाही, पण तो आखूड झाला. किंबर जन्मभर लंगडत चालला. वेगाचे वेड लागलेल्या माणसाला दैवाने द्यावी ती ही भेट!

अपघाताची नुकसानभरपाई मिळाली. वडिलांचा धंदा तेव्हा ओढगस्तीत होता, पैसा धंद्यात घालावा अशी त्यांची इच्छा. मुलाने त्या पैशातून सिंगर कंपनीची मोटार घेतली. वडिलांच्या बाजूने पाहिले तर हा उघड कृतघ्नपणा होता. मुलाच्या बाजूने पाहिले तर तो पैसा त्याच्या मोडलेल्या पायाचा होता. बापलेकांत जे वितुष्ट आले, ते मिटलेच नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून किंवा दुकानाच्या वाटणीवरून बोलणे तुटलेली घरे काही कमी नाहीत. त्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

घर सुटल्यावर किंबरने निरनिराळ्या मोटार कारखान्यांत नोकऱ्या केल्या. १९२१ साली तो ऑक्सफर्डला आला आणि मॉरिस गॅरेजेस या दुकानात विक्री व्यवस्थापक झाला. दुकानाचे मालक विल्यम मॉरिस. सायकली दुरुस्त करता करता इंग्लंडचा सर्वांत मोठा मोटार कारखानदार झालेला हा माणूस पुढे लॉर्ड नफिल्ड म्हणून गाजला. त्याच्या गाड्या साध्या, स्वस्त आणि टिकाऊ. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांना परवडणाऱ्या.

साध्या गाडीला चढवलेला साज

१९२२ मध्ये किंबर दुकानाचा सरव्यवस्थापक झाला. मॉरिसची गाडी भरवशाची आहे पण दिसायला सुमार, हे त्याने हेरले. सांगाडा आणि इंजिन मॉरिसचेच ठेवायचे, वर अंग मात्र देखणे चढवायचे आणि स्प्रिंगा, सुकाणू वगैरे गोष्टींत थोडी सुधारणा करायची, असे त्याने सुरू केले. नेहमीच्या लुगड्याला जरीचा काठ लावावा तसा हा प्रकार होता. गिऱ्हाईक थोडे जास्त मोजायला तयार झाले. दुकानाच्या नावातली दोन आद्याक्षरे, एम आणि जी, अष्टकोनात बसवून १९२४ साली त्याची नोंदणी झाली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या दोन अक्षरांत एक मॉरिसचे, एक गॅरेजचे. किंबरचे एकही नाही.

१९२५ च्या ईस्टरला त्याने एक हलकी, सडपातळ गाडी स्वतः चालवून लंडन ते लँड्स एंड या खडतर स्पर्धेत उतरवली आणि सुवर्णपदक मिळवले. या गाडीला पुढे ओल्ड नंबर वन असे नाव पडले. शर्यत संपली, काम झाले. किंबरने ती ३०० पौंडांना एका स्नेह्याला विकून टाकली आणि दुसऱ्या कामाला लागला.

त्याचा खरा पराक्रम १९२८ चा. त्या वर्षीच्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्याने एमजी मिजेट मांडली. इंजिन फक्त ८४७ सीसीचे, किंमत १७५ पौंड. स्पोर्ट्स कार म्हणजे जमीनदारांच्या पोरांची चैन, हा तोवरचा समज होता. किंबरने ती कारकुनाच्या आणि तरुण डॉक्टरच्या आवाक्यात आणली. मागणी इतकी वाढली की ऑक्सफर्डची जागा अपुरी पडली. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी चामड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात हलवला गेला.

पुढची पाच-सहा वर्षे वैभवाची होती. १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टन या चालकाने ७५० सीसीच्या छोट्या एमजीवर ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला. एवढ्या लहान इंजिनाला तोवर कोणालाच हे जमले नव्हते. १९३३ मध्ये इटलीच्या हजार मैलांच्या शर्यतीत, मिले मिलियात, एमजीच्या गाड्यांनी आपला गट आणि संघाचे बक्षीसही जिंकले. त्याच वर्षी इटलीचा नामांकित चालक ताझिओ नुव्होलारी याने उत्तर आयर्लंडमधली मोठी शर्यत एमजीवर मारली.

याच सुमारास ओल्ड नंबर वनचे काय झाले, याचा शोध लागला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मँचेस्टरच्या एका भंगारवाड्यात पडलेली सापडली. एमजीच्याच एका माणसाने ती ओळखली आणि १५ पौंड मोजून परत आणली. ज्या गाडीने कंपनीला नाव मिळवून दिले, तिची किंमत भंगारवाल्याने वजनावर केली होती. आज ती इंग्लंडमध्ये गेडन येथील मोटार संग्रहालयात जपलेली आहे.

मालकाचा निर्णय

शर्यती जिंकल्या तरी हिशेबाच्या वहीत फायदा फारसा नव्हता. मॉरिसला शर्यतींचे वेड नव्हते. १९३५ मध्ये आपल्या खासगी मालकीची एमजी कंपनी त्याने मॉरिस मोटर्स या मोठ्या कंपनीच्या हवाली केली. नव्या व्यवस्थेने आल्या आल्या शर्यतींचा विभाग बंद करून टाकला. किंबर कारखान्यात राहिला, पण धनी म्हणून नव्हे, वरून येणारे हुकूम पाळणारा म्हणून.

मालक चुकला असे सरसकट म्हणता येत नाही. हजारो कामगारांचे पोट ज्याच्यावर, त्याला पै-पैचा हिशेब पाहावाच लागतो. पण किंबरच्या मनाला काय वाटले असेल? बारा-तेरा वर्षे आपण वाढवलेले काम आपले कधी नव्हतेच, हे त्याला त्या दिवशी कळले असावे. दुकान दुसऱ्याचे, नाव दुसऱ्याचे, भांडवल दुसऱ्याचे. त्याची होती ती फक्त नजर.

महायुद्ध सुरू झाले आणि मोटारींचे उत्पादन थांबले. कारखाना रिकामा राहू नये म्हणून किंबरने खटपट करून विमानाच्या पुढच्या भागाचे काम मिळवले. वरिष्ठांना न विचारता हे काम घेतले, असा ठपका त्याच्यावर आला. १९४१ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडून राजीनामा मागण्यात आला. वयाच्या ५३ व्या वर्षी तो आपल्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला आणि दुसरीकडे नोकरी करू लागला.

४ फेब्रुवारी १९४५, रविवारची संध्याकाळ. तो लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून गाडीने निघाला. स्थानकाबाहेरच्या चढावर, बोगद्यात, इंजिनाची चाके नव्या रुळांवर घसरू लागली. अंधारात गाडी हळूहळू मागे सरकली आणि एक डबा सिग्नलच्या खांबांवर आदळला. अपघात तसा छोटा. दोन प्रवासी दगावले, त्यांतला एक किंबर. जन्मभर वेगाचा ध्यास घेतलेला माणूस पायी चालण्याच्या वेगाने मागे घसरणाऱ्या गाडीत गेला.

त्याने न पाहिलेली गाडी

त्यानंतर काही महिन्यांत युद्ध संपले आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत ॲबिंग्डनने टीसी बाजारात आणली. १,२५० सीसीचे इंजिन, ५४ अश्वशक्ती. किंबरच्या काळात तयार झालेल्या गाडीचीच ही थोडी सुधारलेली आवृत्ती. १९४९ पर्यंत अशा दहा हजार गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेला गेल्या. अवाढव्य मोटारींच्या त्या देशाला या चिमुकल्या गाडीने स्पोर्ट्स कारचे वेड लावले. १९६१ साली शर्यतींचा जगज्जेता झालेला पहिला अमेरिकन, फिल हिल, याने सुरुवात टीसीवरच केली होती.

म्हणून आज कोणी टीसी दुरुस्त करून विकायला काढतो, तेव्हा जाणकार आधी चकचकीत रंगाकडे पाहत नाही. वाकून सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहतो. पत्र्याच्या आत ॲश लाकडाची चौकट असते, ती कुजली आहे का, हे दारे उघडझाप करून अजमावतो. आऱ्या वाजवून बघतो. जुने तेवढे राखून मोडलेले तेवढेच बदलले असेल, तर किंमत चढते. सगळेच नवे घातले असेल, तर उतरते. रंग पुन्हा देता येतो, मूळचा माणसाचा हात पुन्हा आणता येत नाही.

आपल्या घरांतही अशा गोष्टी असतात. वाड्याच्या मागे ताडपत्रीखाली आजोबांची फियाट, नाहीतर काकांची राजदूत उभी असते. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला येतो आणि विचारतो, वजन किती? २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी वा मोटार ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी शुल्क २०,००० रुपये. रोजच्या वापराला ती चालणार नाही, पण मेळाव्याला, प्रदर्शनाला नेता येईल. तेव्हा निदान जुने नोंदणी पुस्तक तरी रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहावे.

भट्टीला दोष नाही. ती पेटती राहिली म्हणून गावातल्या हजारो चुली पेटतात. पण भट्टीत टाकण्याआधी एकदा निरखून पाहणारा कोणीतरी हवा. ओल्ड नंबर वनला तो मँचेस्टरच्या भंगारवाड्यात भेटला, १५ पौंड खिशात घेऊन. किंबर १९४१ साली कारखान्याबाहेर पडला, तेव्हा त्याच्यासाठी तसा कोणी आला नाही.