अख्खं गाव ज्याच्या दरवाजाला हसलं, त्याच्या नावाच्या टर्बाइनवर आज धरणं वीज बनवतात

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी लॉवेल नावाचं गिरणगाव आहे. १८५० साली तिथल्या एका कालव्यावर लाकडाचा अवाढव्य दरवाजा टांगण्यात आला. उंची सुमारे २५ फूट, वजन वीसेक टन. गंमत म्हणजे हा दरवाजा रोजच्या उघडझापीसाठी नव्हताच. लोखंडी पट्टीला तो नुसता लटकत राहायचा. कधी महापूर आला तर पट्टी तोडायची, दरवाजा खाली पडणार आणि कालवा बंद होणार, एवढंच त्याचं काम.

गावाला ही निव्वळ उधळपट्टी वाटली. लोकांनी दरवाजाचं बारसंही करून टाकलं, फ्रान्सिसचा वेडेपणा!

हा फ्रान्सिस म्हणजे जेम्स बिचेनो फ्रान्सिस. जलविद्युत केंद्रात काम केलेल्या कुणालाही विचारा, फ्रान्सिस टर्बाइन हे नाव त्याला पाठ असतं. ते नाव याच माणसाचं.

फ्रान्सिसचा जन्म १८१५ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरचा. चौदाव्या वर्षीच तो वेल्समध्ये बंदराच्या बांधकामावर हाताखालचा माणूस म्हणून लागला. इंजिनिअरिंगचं कॉलेज त्याने पाहिलं नाही. अठराव्या वर्षी अमेरिका गाठली, तिथे जॉर्ज व्हिस्लर नावाच्या रेल्वे इंजिनिअरकडे काम मिळालं आणि १८३४ मध्ये व्हिस्लरबरोबर तो लॉवेलला आला. तिथे इंग्लंडहून आणलेलं रेल्वे इंजिन खोलून त्याचा एकेक भाग मोजायचा आणि त्याची चित्रं काढायची, असं काम त्याच्याकडे आलं. त्यावरून अमेरिकेत तसंच इंजिन बनवायचं होतं. मोजण्याची ही सवय त्याला जन्मभर पुरली.

तीन वर्षांनी व्हिस्लर नोकरी सोडून गेला. बावीस वर्षांचा फ्रान्सिस मुख्य इंजिनिअर झाला.

त्याची कंपनी चक्क पाणी विकायची. लॉवेलला नदी सुमारे ३२ फूट खाली उतरते. ते पाणी कालव्यांनी गावभर फिरवायचं आणि कापडगिरण्यांना चाकं फिरवायला द्यायचं, हा तिचा धंदा. (या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांनी पिकवलेला असायचा, ही त्या भरभराटीची दुसरी बाजू.) हिशेबाचं माप होतं मिल पॉवर, म्हणजे ३० फुटांवरून पडणारं दर सेकंदाला २५ घनफूट पाणी.

गिरण्या वाढत गेल्या, पण नदी तेवढीच राहिली. फ्रान्सिसने १८४८ पर्यंत नॉर्दर्न कॅनॉल हा नवा मोठा कालवा बांधून घेतला. तरी खरी गळती गिरण्यांच्या तळघरातच होती. तिथली लाकडी चाकं प्रचंड होती आणि पाण्याची बरीच ताकद त्यांच्यात फुकट जायची. शिवाय नदीचं पाणी चढलं की चाकाचा खालचा भाग बुडायचा आणि चाक अडखळायचं. म्हणजे नदीत पाणी भरपूर आणि गिरणी बंद, असा उलटा प्रकार.

यावर उपाय होता टर्बाइनचा, कारण ते पाण्यात बुडूनही फिरतं. युराया बॉयडेन या इंजिनिअरने एका फ्रेंच टर्बाइनमध्ये सुधारणा करून १८४० च्या दशकात लॉवेलमध्ये ते बसवलं होतं. त्यात पाणी मधून शिरायचं आणि बाहेर फेकलं जायचं. काम उत्तम, पण यंत्र मोठं आणि महागडं. त्याच्या उलट, पाणी बाहेरून आत नेणाऱ्या चाकाचं पेटंट सॅम्युअल हाऊडने १८३८ मध्येच घेतलेलं होतं. कल्पना चांगली असली तरी घडण ओबडधोबड होती.

तेव्हा फ्रान्सिस टर्बाइनची मूळ कल्पना फ्रान्सिसची नाही, हे सांगायलाच हवं. त्याने केलं ते असं : पात्यांचा बाक किती हवा, पाणी कोणत्या कोनात शिरावं, कोणत्या वेगाला किती ताकद मिळते, हे सगळं त्याने आकड्यांत बसवलं. आत येणाऱ्या पाण्याचा एक फायदाही होता. चाक जास्त वेगाने फिरू लागलं की ते पाण्याला बाहेर ढकलतं, त्यामुळे वेगाला आपोआप लगाम बसतो. १८४९ च्या सुमारास त्याचं चाक बूट मिलमध्ये फिरू लागलं. पाण्याची जवळपास ८० टक्के ताकद ते कामाला लावायचं. १८५५ मध्ये त्याने सगळे प्रयोग पुस्तकरूपाने छापले, त्यामुळे इतरांना त्यात भर घालता आली. आजची या जातीची टर्बाइन ९० टक्क्यांच्या पुढे जातात, आणि त्यांच्या आकारात नंतरच्या अनेक कारागिरांचा हात आहे.

आता पुन्हा त्या दरवाजाकडे. फ्रान्सिसने १७८५ च्या जुन्या पुराच्या खुणा तपासल्या होत्या. तेवढं पाणी पुन्हा आलं तर कालव्याचं तोंड फोडून ते थेट गावात घुसणार, हे त्याला दिसत होतं. टर्बाइन कितीही चांगलं असलं तरी कालवाच गेला तर ते फिरणार कशावर?

एप्रिल १८५२ मध्ये मेरिमॅक खवळली. पहाटेच्या अंधारात छिन्नीने लोखंडी पट्टी तोडली आणि वीस टनांचं लाकूड धाडकन कालव्यात उतरलं. तेहतीस हजारांवर वस्तीचं लॉवेल वाचलं. दरवाजा बांधून जेमतेम दोन वर्षं झाली होती. नंतर वेडेपणा हा शब्द कुणी कौतुकाशिवाय वापरला नाही.

पुढे गिरण्यांत आग विझवणारे पाण्याचे नळ बसवण्यापासून ते लाकूड कुजू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करण्यापर्यंत फ्रान्सिसने बरंच काही केलं. १८८० मध्ये तो अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. १८९२ मध्ये लॉवेलमध्येच त्याचा मृत्यू झाला. पन्नास वर्षं एकाच कंपनीत, एकाच नदीवर काम केलेला माणूस!

आज जगात सर्वाधिक वापरलं जाणारं जलविद्युत टर्बाइन फ्रान्सिसचंच आहे. आपल्या कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातले ८० मेगावॉटचे चार संच याच जातीचे. आणि अशी केंद्रं म्हातारी झाली की इंजिनिअर जे करतात, तेही लॉवेलसारखंच आहे. धरण तेच, बोगदा तोच, काँक्रीटमध्ये गाडलेलं वेटोळं आवरणही बहुतेक वेळा तेच. बदलतात ते मधलं फिरतं चाक, पाणी आत सोडणारी पाती, जनित्राची गुंडाळी आणि वेग सांभाळणारी यंत्रणा. अमेरिकेच्या हूव्हर धरणावर १९८६ ते १९९३ या काळात १७ मोठ्या फ्रान्सिस टर्बाइनांच्या संचांची अशी सुधारणा झाली, आणि केंद्राची क्षमता सुमारे १,३४५ मेगावॉटवरून सुमारे २,०८० मेगावॉटवर गेली. त्यासाठी नवी भिंत बांधावी लागली नाही.

लॉवेलचा लाकडी दरवाजा १९३६ च्या महापुरात पुन्हा एकदा पाडावा लागला, तेव्हाही गाव बचावलं. २००६ मध्ये नदी परत चढली तेव्हा मात्र दीडशे वर्षांच्या लाकडावर भिस्त न ठेवता कालव्यात पोलादी तुळया उतरवण्यात आल्या.