कार्थेजचा सिप्रियन : दोन अज्ञातवास

रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती धर्मीयांच्या छळाचा इतिहास बहुधा हुतात्म्यांच्या नामावलीतून सांगितला जातो. कार्थेजचा बिशप सिप्रियन याचे नाव त्या नामावलीत आहेच. परंतु छळाच्या पहिल्या लाटेत हाच हुतात्मा लपून राहिला होता. त्याच्या जीवनाचे आणि लेखनाचे मर्म या विसंगतीत शोधावे लागते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन आफ्रिकेत एका सधन घरात जन्मलेला सिप्रियन हा लॅटिन वक्तृत्वशास्त्राचा नामांकित अध्यापक होता. इ. स. २४६ च्या सुमारास त्याने बाप्तिस्मा घेतला, संपत्तीचा मोठा भाग गरिबांना दिला आणि दोन-तीन वर्षांतच तो बिशप झाला. नवख्या माणसाची ही निवड काही जुन्या धर्मगुरूंना रुचली नव्हती.

इ. स. २४९ च्या अखेरीस सम्राट डेसियसची आज्ञा निघाली. साम्राज्यातील रहिवाशांनी देवांना बळी अर्पावा, बळीचे मांस चाखावे आणि स्थानिक मंडळाकडून तसा दाखला घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. ईजिप्तमध्ये सापडलेल्या अशा चाळीसहून अधिक पपायरस-दाखल्यांवरून ही व्यवस्था किती काटेकोर होती, हे दिसते. कार्थेजमधील असंख्य ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिला, तर काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळविला. जानेवारी २५० मध्ये रोमचा बिशप फेबियन मरण पावला आणि सिप्रियन अज्ञातवासात गेला. तेथून तो पत्रांद्वारे धर्मसभेचा कारभार पाहू लागला. रोमच्या धर्मगुरूंना मात्र त्याचे जाणे खटकले, आणि आपल्या वर्तनाचा खुलासा त्याला करावा लागला.

२५१ मध्ये तो परतला, तेव्हा मुख्य प्रश्न पतितांचा होता. तुरुंगात यातना सोसलेले काही श्रद्धावीर पतितांना सरसकट क्षमापत्रे देत होते. उलट रोममध्ये नोव्हेशियन त्यांना क्षमाच नाकारीत होता. स्वतः लपलेल्या माणसाने इतरांच्या दुर्बलतेचा न्याय कोणत्या अधिकाराने करावा? सिप्रियनने हा निर्णय एकट्याने न घेता आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेपुढे नेला. केवळ दाखला घेणाऱ्यांना चौकशीअंती परत घ्यावे आणि बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, असे तेथे ठरले. नव्या छळाची चाहूल लागताच या दुसऱ्या वर्गालाही क्षमा करण्यात आली. पतितांविषयीचा आणि धर्मसभेच्या एकतेविषयीचा असे त्याचे दोन प्रसिद्ध प्रबंध याच संघर्षातून लिहिले गेले.

पुढे साथीचा रोग पसरला, तेव्हा त्याने स्वधर्मीय-परधर्मीय असा भेद न करता शुश्रूषेची व्यवस्था केली. नुमिडियातील बंदिवानांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या धर्मसभेने एक लाख सेस्टर्स पाठविले. पाखंडी मानल्या गेलेल्या गटांच्या बाप्तिस्म्याच्या वैधतेवरून त्याने रोमचा बिशप स्टीफन याच्याशीही वाद घातला. २५६ च्या कार्थेज परिषदेत ८७ बिशपांची मते त्याच्या बाजूने नोंदली गेली.

२५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या आज्ञेने त्याला कुरूबिस येथे हद्दपार करण्यात आले. पुढल्या वर्षी धर्माधिकाऱ्यांना देहान्त शासन देण्याचा हुकूम आला. प्रांताधिपती तेव्हा युटिका येथे होता. सिप्रियनला तेथे नेण्यासाठी शिपाई निघाल्याचे कळताच तो पुन्हा लपला. या वेळचा हेतू मात्र निराळा होता : बिशपाने आपल्याच नगरात, आपल्याच लोकांसमक्ष मरावे. प्रांताधिपती कार्थेजला परतल्यावर तो पकडला गेला आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी मोठ्या जनसमुदायासमोर त्याचा शिरच्छेद झाला. मारेकऱ्याला २५ सुवर्णनाणी द्यावीत, असे त्याने तत्पूर्वी आपल्या माणसांना सांगितले होते.

त्याचा सहकारी पाँटियस याने लिहिलेले त्याचे चरित्र लॅटिनमधील आद्य ख्रिस्ती चरित्र मानले जाते. त्यात पहिल्या अज्ञातवासाचे समर्थन पाँटियस आवर्जून करतो : त्या वेळी सिप्रियन मेला असता, तर पतितांना प्रायश्चित्ताची वाट कोणी दाखविली असती? हौतात्म्याने सर्व शंका मिटल्या असत्या, तर या समर्थनाची गरज भासली नसती.