पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातील अग्रणी कार्यकर्त्या होत्या. मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय बालविधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे दुष्काळग्रस्त मुली आणि निराधार स्त्रियांसाठी मुक्ती सदन उभारले. ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारामुळे त्यांचे कार्य दीर्घकाळ वादाच्या भोवऱ्यात राहिले.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवावयास घेतले तेव्हा आप्तांचा आणि शास्त्री-पंडितांचा रोष ओढवला. अखेर सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, त्यांनी आश्रम थाटला. तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाईंची खरी गुरू त्यांची आई होय. घरकाम उरकण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी ती मुलीला संस्कृत पाठ देत असे. रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत; पुढे शाळा काढणाऱ्या या बाईंचे स्वतःचे विद्यालय म्हणजे आईचे अंथरूण आणि तीर्थयात्रेची वाट.

पुढे हे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरत राहिले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात उपासमारीने आई-वडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या अब्राह्मण बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारी गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच त्या विधवा झाल्या. जवळचे म्हणावे असे मनोरमेखेरीज कोणी उरले नाही.

पुणे, इंग्लंड आणि अमेरिका

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-निरीक्षक नेमावेत, तसेच स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशी मागणी केली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. जोतीराव फुले यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी स्वतः शिक्षण घेतले आणि संस्कृतही शिकवले. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेतच दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून जागृत झालेल्या सहानुभूतीतून बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. विधवांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले. शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती असू नये, ही त्यामागची भूमिका होती.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदन सुरू झाले. पहिल्या दिवशी अवघ्या दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी गोदूबाई ही सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. तिला तिचे बंधू नरहरपंत जोशी यांनी आणून दाखल केले होते. हा तपशील लहान दिसतो. परंतु त्या काळी विधवा मुलीला शाळेत घालावयाचे तर तिच्या पित्याला, भावाला किंवा सासरच्या मंडळींना तसे वाटावे लागे. मुलीची इच्छा ही प्रवेशाची अट नव्हतीच. रमाबाईंना त्यामुळे प्रथम पालकांचा विश्वास मिळवावा लागला. ज्ञातीचे निर्बंध पाळण्याची मुभा होती, स्वयंपाकाची व्यवस्था ब्राह्मणी आचारास धरून होती आणि पूजा-व्रते करण्यास आडकाठी नव्हती. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथांबरोबर बायबलही ठेवलेले असे. अविवाहित मुलींनाही प्रवेश मिळे.

येथील राहणीत आश्चर्याची गोष्ट अशी की, घरी ज्यांच्या वाट्याला अशुभ म्हणून कोपरा आला होता, त्यांना सदनात लेखन-वाचनाइतकेच हसण्या-खेळण्याचेही स्वातंत्र्य होते. स्वतः रमाबाई त्यांच्यात आईसारख्या वावरत. शिकून शिक्षिका व्हावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा शिक्षणाचा हेतू होता.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलवण्यात आले. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती, म्हणून अनेक कुटुंबांनी निःशंक मनाने मुली पाठवल्या. वादाची ठिणगी पडली ती एका उघड्या दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत; काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने हे प्रकरण लावून धरले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केलेली नाही, आणि आपल्या घरात आपली उपासना लपवून करणार नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, तटस्थतेच्या भरवशावर पाठवलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत शिक्षिकेचे उदाहरण हाच मोठा प्रभाव असतो. दोन्ही बाजूंत तथ्य होते, हे आज मान्य करण्यास हरकत नसावी. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले. त्यांच्यापैकी कोणास शिकायचे होते, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. याच आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे. हिंगणे येथील विधवांच्या आश्रमामागे शारदा सदनाचा अनुभव होता, ही गोष्ट विरोधाच्या गोंगाटात बहुधा विसरली जाते.

केडगाव आणि मुक्ती सदन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्थानक आहे. भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड असा हा अवर्षणाचा टापू. अमेरिकेतील मदतीची मुदत सरल्यावर संस्था शेतीच्या उत्पन्नावर चालावी, या विचाराने रमाबाईंनी येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. पुढे याच माळावर हजारो मुली येऊन राहतील, हे मात्र तेव्हा त्यांच्या योजनेत नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला. आपल्या आई-वडिलांचा अंत ज्या रीतीने झाला, तो आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढा मोठा समुदाय शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. मग केडगावचा माळ कामी आला. आरंभी तात्पुरत्या झोपड्यांत आणि मांडवांत मुक्काम होता. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी त्याच काळात वृत्तपत्रातून आवाज उठवला. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले.

येथे प्रवेशाचा अर्थच पालटला. शारदा सदनात उच्चवर्णीय कुटुंबाची संमती लागे. केडगावात जात पाहिली जात नव्हती, आणि संमती देण्यास अनेकींचे कोणी उरलेलेच नव्हते. भूक हीच पात्रता. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी तेराशेहून अधिक जणी आल्या आणि वसाहतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मात्र एक फरक लक्षात घेतला पाहिजे. मुक्ती सदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. प्रार्थना हा तिच्या दिनक्रमाचा भाग होता, आणि बहुसंख्य मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शारदा सदनातील तटस्थतेचा करार येथे उरला नव्हता. पुढे शारदा सदनही केडगावला आले.

आलेल्या मुलींची प्रथम शुश्रूषा करावी लागे. अनेकजणी वाचल्याही नाहीत. जगलेल्यांना गटांत विभागून प्रत्येक गटावर एक वडीलधारी बाई नेमलेली असे. अक्षरओळखीच्या वर्गात लहान मुलींशेजारी थोराड बायका बसत. वर्गात शिकवण्याचा अनुभव असलेल्याला यातील अवघडपणा सांगावयास नको: भाषा निरनिराळ्या, वये निरनिराळी, आणि काहींना तर एका जागी बसण्याचीच सवय नव्हती. पुस्तकी अभ्यासाला हाताच्या कामाची जोड होती. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई ही कामे मुलीच करीत. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सारे स्त्रियांच्या हाती होते. वाममार्गास लागलेल्या वा फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्धांसाठी प्रीती सदन असे स्वतंत्र विभाग निघाले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. शिकून तयार झालेल्या मुली पुढे तेथेच शिक्षिका आणि पर्यवेक्षिका होत. एवढ्या मोठ्या वसाहतीचा कारभार त्याशिवाय चाललाच नसता.

अखेरची वर्षे

रमाबाईंच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग बायबलच्या मराठी भाषांतरात गेला. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित स्त्रियांना ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मूळ भाषांपर्यंत जाण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भर सभांत संस्कृतात व्याख्यान देणाऱ्या विदुषीने साध्या मराठीसाठी एवढा खटाटोप करावा, यात त्यांच्या स्वभावाचे बरेच मर्म आहे. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक मिळाले.

संस्थेची धुरा मनोरमाबाई सांभाळतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. शाळेचे काम आणि गुलबर्ग्याच्या शाखेची उभारणी यांत त्यांनी प्रकृतीची तमा बाळगली नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगाव येथील संस्था आजही चालू आहे.