लक्ष्मीबाई टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी म्हणून मोठे. नवरा म्हणून मात्र तापट, न सांगता घर सोडून जाणारे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. लेकराला घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परतल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. क्षमेला वेळ लागतो, हे आपल्या घरांतही ठाऊक आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला.

पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याचे दोष झाकले नाहीत (क्षमा म्हणजे झाकपाक नव्हे), पण लिहिण्यात कडवटपणा नाही, वाचताना हसू येते. १९१९ मध्ये टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.