न्या. गजेंद्रगडकर आणि धर्मस्वातंत्र्याची सीमा

शबरीमला मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या २०१८ च्या निकालावरील फेरविचार याचिका ऐकताना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये धर्मस्वातंत्र्याचे मूलभूत प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवले. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता आणि तो ठरवायचा कोणी, हा त्यांतला कळीचा प्रश्न. त्याचा माग काढत गेले की वाट प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर या मराठी न्यायाधीशाशी येऊन थांबते.

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात झाला. घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे, मध्व संप्रदायाचे आणि संस्कृत पांडित्याची परंपरा असलेले. धारवाड आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली व १९२६ पासून मुंबईत वकिली सुरू केली. नंद पंडिताच्या दत्तकविषयक ग्रंथाची त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली होती. धर्मशास्त्राच्या पोथ्या मुळातून वाचू शकणारा हा माणूस १९४५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. पुढे धर्माविषयी त्यांनी जो अधिकार गाजवला, त्यामागे हा आत्मविश्वास होता, हे विसरून चालणार नाही.

१९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटला आला. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा घटनाबाह्य असल्याचा दावा होता. बंदी केवळ हिंदूंना कशी, हा समतेचा मुद्दा होता आणि पुत्रप्राप्तीसाठी दुसरा विवाह हे धार्मिक आचरण आहे, हा धर्मस्वातंत्र्याचा. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी दोन्ही फेटाळले. समाजसुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याची मुभा सरकारला आहे, असा निर्वाळा दिला. स्त्रियांच्या दृष्टीने हा विजयच होता. परंतु त्याच निकालपत्रांत असेही ठरले की, व्यक्तिगत कायदे घटनेच्या तेराव्या अनुच्छेदातील 'कायदा' या संज्ञेत बसत नाहीत. म्हणून त्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लावता येत नाही. सुधारणेचे काम विधिमंडळाचे, ही त्यामागची भूमिका. गजेंद्रगडकर स्वतः हिंदू संहितेचे पुरस्कर्ते होते, तरीही असंहित व्यक्तिगत कायद्याखाली भरडल्या जाणाऱ्या स्त्रीला न्यायालयाचे दार बंद करणारी कडी त्यांच्याच हातून बसली.

१९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले आणि येथे त्यांचा रोख पालटला. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात न्या. मुखर्जी यांनी धर्माचा आवश्यक भाग त्या धर्माच्या सिद्धांतांवरूनच ठरवावा असे म्हटले होते. अजमेरच्या दर्ग्याच्या व्यवस्थापनाबाबत खादिमांनी केलेल्या दाव्यात, १९६१ मध्ये, गजेंद्रगडकरांनी त्याला अट जोडली: अंधश्रद्धेतून उपजलेल्या आणि धर्माला बाहेरून चिकटलेल्या प्रथांना संरक्षण नाही. १९६३ मध्ये नाथद्वाराच्या तिलकायतांच्या खटल्यात त्यांनी संप्रदायाचा शब्द अंतिम मानण्यासही नकार दिला. एकाच संप्रदायातील दोन गट परस्परविरुद्ध सांगू लागले तर निवाडा न्यायालयालाच करावा लागणार, हा त्यांचा युक्तिवाद तर्काला धरून होता. मात्र न्यायमूर्तीच्या डोक्यावर धर्मपंडिताची पगडी चढली ती इथेच.

त्याचा सर्वांत ठळक आविष्कार १४ जानेवारी १९६६ चा. दलितांना मंदिरे खुली करणारा कायदा आपल्याला लागू नाही, कारण आपण हिंदूच नाही, असा स्वामीनारायण सत्संगींचा दावा १९४८ पासून चालला होता. कायद्यातून सूट मिळवण्यासाठी धर्माबाहेर पडण्याची तयारी दाखवणारा हा पवित्रा अजब होता. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी हिंदू कोण, याचा ऊहापोह करीत लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला (सर्वोच्च न्यायालय ज्या रस्त्यावर उभे आहे त्याला आज टिळकांचेच नाव आहे) आणि सत्संगींना हिंदू ठरवून मंदिर सर्वांना खुले केले. शिवाय त्यांची भीती संस्थापकाच्या शिकवणुकीच्या अज्ञानातून आली आहे, असेही सुनावले. निकाल न्याय्य होता. पण दलिताचा प्रवेशाचा हक्क समतेच्या आणि अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या सतराव्या अनुच्छेदावर निर्विवाद उभा राहू शकत होता. त्यासाठी सत्संगींना त्यांचाच धर्म शिकवण्याची गरज होती का, ही शंका आजही अभ्यासकांना सतावते. संप्रदायाचा खरा अर्थ न्यायालय सांगणार असेल, तर एखादा न्यायाधीश उद्या सनातनी अर्थही सांगू शकेल.

दोन महिन्यांनी, १५ मार्च १९६६ रोजी, ते निवृत्त झाले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय श्रम आयोगाचे व नंतर विधी आयोगाचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी भूषवली. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. नरसू निकालाच्या भूमिकेवर २०१८ मध्ये शबरीमला प्रकरणी न्या. चंद्रचूड यांनी कठोर टीका केली. दाऊदी बोहरा समाजातील बहिष्काराला बंदी करणारा मुंबईचा १९४९ चा कायदा १९६२ मध्ये ज्या पीठाने रद्द केला त्यात गजेंद्रगडकर नव्हते. तो निकालही फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच मोठ्या पीठाकडे धाडण्यात आला.