हुकूम, शाळा आणि सयाजीराव

समाजाचे वर्तन बदलायचे ते कायद्याने की शिक्षणाने, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी तो येथे हिरिरीने लढविला गेला. मात्र दोन्ही उपाय स्वतःच्या हाताने योजून पाहण्याची संधी फार थोड्यांना लाभली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे त्यांपैकी एक होत.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात, त्यांचा जन्म झाला. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला धड अक्षरओळखही नव्हती. शिक्षण माणसाला कोठून कोठे नेते, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरजच नव्हती.

१८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी लवकरच अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडल्या. सवर्ण शिक्षक तेथे शिकविण्यास राजी होईनात, म्हणून मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांचे याच हेतूचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते. मुलाला शाळेत आणले ते कायद्याने. कायद्याविना ती शाळा अनेक घरांपर्यंत पोहोचलीच नसती.

परंतु १९०४ मध्ये महाराजांनी बालविवाहास बंदी केली, तेव्हा अनुभव निराळा आला. दंड भरून लग्ने होतच राहिली. सरकारी दंडापेक्षा जातीच्या रूढीचा धाक मोठा ठरला.

यावरून शिक्षण हाच खरा उपाय, असा निष्कर्ष कोणी काढील. त्याने १९१७ सालचे बडोदे आठवावे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहातून त्यांना घालवून देण्यात आले. कचेरीत कागद त्यांच्यापुढे दुरून टाकले जात. तेथील कारकून काही निरक्षर नव्हते! लिहिता-वाचता येणारा हातच शिवाशीव पाळीत होता, आणि राजाची सहानुभूती त्या टेबलापर्यंत पोहोचत नव्हती. अखेर आंबेडकर मुंबईस परतले.

पुढे याच विद्वानाच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित झाले. शिक्षणाने घडलेला माणूस कायद्याकडे वळला, यात विसंगती नाही. सुशिक्षितांच्या सद्बुद्धीची वाट किती काळ पाहायची, हे त्यांनी बडोद्यात अनुभवले होते.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. त्यांच्या कारकीर्दीचा बोध एवढाच की, कायदा दार उघडतो आणि शाळा वाट दाखविते. उंबरठा मात्र प्रत्येकाने स्वतः ओलांडायचा असतो. वर्गात मुलांना कोठे बसवावे आणि कचेरीत कागद कोणाच्या हाती कसा द्यावा, हे ठरविणारे शिक्षक आणि कारकून आपणच आहोत. तेथे ना राजा हजर असतो, ना न्यायाधीश.