एडविन ड्रेक : तेलविहिरीचा उपेक्षित जनक

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव परिसरात शेतात बोअर मारताना वरच्या काळ्या मातीत आणि मुरुमात केसिंगचा पाइप उतरविला जातो. खाली काळा पाषाण लागला, की छिद्र स्वतःच्या बळावर उभे राहते. पण वरच्या थरात पाइप नसेल तर माती ढासळून सगळी मेहनत वाया जाते. ही साधी युक्ती तेलाच्या शोधात निर्णायक ठरली ती १८५९ मध्ये, अमेरिकेतील टायटसव्हिल या खेड्यात. ती तेथे वापरणारा एडविन ड्रेक ना अभियंता होता, ना भूगर्भशास्त्रज्ञ.

ड्रेकचा जन्म न्यूयॉर्क राज्यात १८१९ मध्ये झाला. शिक्षण बेताचेच. हॉटेलात कारकुनी, कापडाच्या दुकानात विक्री असे उद्योग करीत तो रेल्वेत कंडक्टर झाला. आजारपणामुळे १८५७ मध्ये ती नोकरीही सुटली. हाती उरला तो रेल्वेचा मोफत पास. त्याच सुमारास न्यू हेवनमधील बँकर जेम्स टाउनसेंड पेनसिल्व्हेनियातील तेलाच्या झऱ्यांवर कंपनी चालविण्याच्या खटपटीत होता. या खनिज तेलापासून दिव्यासाठी उत्तम इंधन मिळू शकते, असा अहवाल रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन याने १८५५ मध्येच दिला होता. प्रश्न होता तो तेल पुरेशा प्रमाणात काढण्याचा. मोफत प्रवास करू शकणारा ड्रेक टाउनसेंडला सोयीचा वाटला. गावात वजन पडावे म्हणून त्याने ड्रेकच्या नावे पाठविलेल्या पत्रांवर ‘कर्नल’ ही उपाधी लिहून टाकली. सैन्यात कधीही नसलेला हा माणूस पुढे आयुष्यभर कर्नल ड्रेकच राहिला!

ड्रेकने आधी हाताने खड्डा खणून पाहिला. ऑइल क्रीक या ओढ्याकाठची जमीन वाळू-खडीची; खड्ड्यात पाणी भरे आणि बाजू कोसळत. मग मिठाच्या विहिरी खोदणारे जसे छिद्र पाडत, तसे ते पाडावे असे त्याने ठरविले. त्या कामातला जाणकार लोहार विल्यम स्मिथ १८५९ मध्ये मुलांसह येऊन दाखल झाला. तरीही ढासळणाऱ्या मातीपुढे कोणाचे काही चालेना. तेव्हा ड्रेकने बिडाचे, दहा-दहा फुटांचे नळ मागविले आणि ते एकावर एक जोडून, ठोकून सुमारे ३२ फूट खाली खडकापर्यंत पोहोचविले. पाणी आणि वाळू नळाबाहेर अडली. आतून वाफेच्या इंजिनाने जड पहार उचलून आपटत दिवसाला जेमतेम तीन फूट खडक फोडला जाऊ लागला. पोकळ लाकडी खोड उतरविण्याचा प्रकार मीठवाल्यांना ठाऊक होता. त्यामुळे कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाकूत त्याआधीच तेलासाठी छिद्र पाडले गेले होते, हेही खरे. परंतु व्यापारी तेलउद्योगाला चालना मिळाली ती याच विहिरीतून.

आजच्या तेलविहिरींचे दुखणे मुळात तेच आहे, फक्त खोली वाढली आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’चे तेल शोधले, तेव्हा छिद्राला पोलादी केसिंगचे आणि सिमेंटचे संरक्षण हा नित्याचा भाग झाला होता. ड्रेकला ठाऊक नसलेला ‘मड’ हा जड द्रवही आता छिद्रात सतत फिरवतात. तो हलका पडला तर वायू उसळून वर येतो, जड झाला तर खडकाला भेगा पाडून त्यातच नाहीसा होतो. खडकाचा चुरा वेळीच वर आला नाही, तर ड्रिलचा पाइप अडकून बसतो. ड्रेकच्या काळी चुरा साध्या बादलीने उपसून काढत.

तिकडे न्यू हेवनमध्ये भागीदारांचा धीर सुटला होता. गावकरी त्याला वेड्यात काढत होते. मित्रांच्या जामिनावर काढलेल्या कर्जाने ड्रेकने काम रेटले. देणी भागवून काम बंद करा, असे टाउनसेंडचे पत्र टपालात पडले. ते पोहोचण्यापूर्वीच, २७ ऑगस्ट १८५९ रोजी, ६९ फुटांच्या आसपास पहार एका भेगेत घसरली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्मिथने सहज डोकावून पाहिले, तर नळात तेल चढले होते.

पुढची कथा फार कडू आहे. काही महिन्यांतच ऑइल क्रीकच्या काठी विहिरींची रांग लागली. जो तो ड्रेकसारखेच नळ ठोकू लागला. त्याने मात्र या पद्धतीचे पेटंट घेतले नव्हते आणि आसपासची जमीनही विकत घेतली नव्हती. जवळची पुंजी न्यूयॉर्कमध्ये तेलकंपन्यांच्या शेअरच्या दलालीत बुडाली. मज्जातंतूंच्या वेदनांनी शरीर खिळखिळे झाले. टायटसव्हिलच्या जुन्या मित्रांनी वर्गणी काढून मदत केली. अखेर १८७३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने त्याला वर्षाला १५०० डॉलर मंजूर केले. नोव्हेंबर १८८० मध्ये बेथलेहेम येथे त्याचे निधन झाले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे अवशेष टायटसव्हिलला आणले गेले. स्मारकाचा खर्च उचलला तो स्टँडर्ड ऑइलचे एक धनाढ्य भागीदार हेन्री रॉजर्स यांनी. त्यावर खडकात छिन्नी ठोकणाऱ्या कामगाराचा कांस्यपुतळा आहे.